दोन आकड्यांमधल्या बाया

२ एप्रिल २००९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायांविषयी एक शोधनिबंध छापून आला. दहा पानं, मोजकी कोष्टकं, विशेषणं जवळजवळ नाहीतच. मराठवाड्यातल्या बायांच्या जगण्यामरण्याबद्दल इतक्या थोडक्यात इतकं सांगणारं दुसरं लेखन माझ्या वाचनात नाही, आणि हे मी कथा-कादंबऱ्या धरून म्हणते आहे. शोधनिबंधाचं कधी रसग्रहण करतात का, असं कुणी विचारील. ज्या मजकुरात एकेक आकडा तोलून ठेवलेला असतो आणि जो दुसऱ्यांदा वाचताना वेगळाच दिसू लागतो, त्याचं करायला काय हरकत आहे?

आधी कथानक. गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडच्या बायांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही, या विषाणूची लागण होते, ती काहीजणींमध्ये वर्षानुवर्षं रेंगाळते, पेशी बदलू लागतात आणि दहा-पंधरा वर्षांनी केव्हातरी त्या बदलाचा कर्करोग होतो. म्हणजे सापडायला भरपूर सवड असते. ती सवड कोणत्या तपासणीने साधावी, हा निबंधाचा प्रश्न. लेखकांमध्ये फ्रान्समधल्या लिऑं इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री अशी मंडळी आहेत. बार्शी इथे योगायोगाने आलेली नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली होती आणि बार्शीबरोबर परंडा, भूम हे उस्मानाबादचे तालुकेही तिच्यात होते. कुठल्या गावात कोणाला कर्करोग झाला, ती केव्हा गेली, हे लिहून ठेवणारी वही आधीपासून तयार होती. तिच्याशिवाय हा निबंध लिहिलाच गेला नसता.

गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांचे चार भाग पाडले. एका भागातल्या बायांची एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी झाली. दुसऱ्या भागात पेशींची, म्हणजे पॅप तपासणी. तिसऱ्या भागात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. ही स्वस्तातली 'व्हीआयए' तपासणी. चौथ्या भागाला नेहमीची सेवा.

आता निकालाचं कोष्टक. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायांपैकी १२७ जणींना कर्करोग निघाला. नेहमीच्या सेवेतल्या ३१,४८८ पैकी ११८ जणींना. घाईत वाचणारा इथेच थबकतो. तपासणी केलेल्या गटात कर्करोग कमी नाहीत, उलट आकडा थोडा मोठाच आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? कोष्टक इथे काही समजावत बसत नाही, पुढचा आकडा ठेवतं. १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले ३९. ११८ पैकी ८२. आणि मग मृत्यू: ३४ विरुद्ध ६४. चार-पाच आकड्यांत अर्थ पूर्ण उलटा फिरतो. गटाच्या मानाने तितकेच सापडले, पण वेळेत सापडले. एखाद्या कसलेल्या कथाकाराने शेवटाला दिलेली कलाटणी याहून सफाईदार नसते.

पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. याच निबंधात आणखी एक ओळ आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडते कारण ती कर्करोग न झालेल्या बायांबद्दल आहे. ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली, त्यांच्यात पुढच्या वर्षांत कर्करोगाचं प्रमाण दरवर्षी लाखात ३.७, पॅप निगेटिव्ह आलेल्यांत १५.५, व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांत १६. म्हणजे 'तुला काही नाही, जा घरी' हे वाक्य तिन्ही तपासण्या म्हणत होत्या, पण भरवसा ठेवावा असं ते एकीच्याच तोंडी होतं. त्याच अंकातल्या संपादकीयाचा मथळा भारताकडून जगाकडे अशा अर्थाचा होता. उस्मानाबादच्या खेड्यांनी जगाला काही शिकवल्याची ही दुर्मीळ कबुली. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनएचीच शिफारस केली.

चौथ्या रकान्यापाशी मात्र थांबावं लागतं. नेहमीची सेवा असं तिथे लिहिलं आहे. त्या काळात त्या गावांत नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे. ६४ हा आकडा कोष्टकाच्या चौकटीत नीट बसवलेला आहे, पण तो ६४ घरांचा आकडा आहे. तुलनेसाठी असा गट ठेवावा का, यावरून पुढे बराच वाद झाला. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी भारतातल्या या आणि अशाच चाचण्यांवर उघड आक्षेप घेतला. मला तो आक्षेप पटतो आणि निबंधाचं मोलही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवूनच हे कोष्टक वाचायला हवं.

पण रसग्रहण अडतं ते दुसऱ्याच जोडीवर. याच प्रयोगाचे सुरुवातीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले होते. त्यांत एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या बाया १०.३ टक्के, आणि ज्यांच्यात खरोखर पुढच्या पायरीचा, कर्करोगाकडे झुकलेला बदल सापडला अशा ०.९ टक्के. हजार बाया धरा. १०३ जणींना 'विषाणू आहे' म्हणून सांगितलं जाणार. त्यातल्या नऊजणींना आज काही करायला हवं. उरलेल्यांमध्ये काहींना सौम्य बदल, मोजक्या जणींना थेट कर्करोग. पण बहुतेकींच्या अंगात विषाणू नुसता येऊन बसलेला, बरेचदा दोनेक वर्षांत आपणहून निघून जाणारा. १०.३ आणि ०.९ या दोन आकड्यांमधल्या बाया. निबंध त्यांच्याबद्दल फार बोलत नाही, बोलायचं कारणही नाही. प्रयोगात प्रत्येक पॉझिटिव्ह बाईची दुर्बिणीतून तपासणी आणि गरजेप्रमाणे तुकडा काढून पाहणं होणार होतं. बार्शीचा सगळा फौजफाटा पाठीशी होता. फौजफाटा नसलेल्या तालुक्यात या बायांचं काय होतं?

मराठवाड्याकडे याचं एक उत्तर आहे, आणि ते भयंकर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, अशा बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात जाते, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल असं सांगितलं जातं आणि उचल घेऊन बाई ऑपरेशन करून मोकळी होते. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाची असतात. 'कॅन्सर होईल' हे वाक्य मात्र कुणी खोडू शकत नाही, कारण होणार की नाही हे वाचायचं साधनच तिथे नसतं. आपल्याकडच्या बाईच्या वाट्याला एकतर चौथा रकाना येतो, म्हणजे काहीच न पाहणे, नाहीतर सगळंच काढून टाकणे. या दोहोंच्या मध्ये नीट वाचून पाहण्याची एक जागा असते. पेशीतल्या प्रथिनांच्या तपासणीचं काम त्या जागेवर आहे.

एचपीव्हीची डीएनए तपासणी विचारते, विषाणू आहे का. प्रथिनांची तपासणी विचारते, आल्यावर त्याने काय केलं. हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आणि जास्त सुंदर आहे. त्यासाठी पेशीच्या आत काय घडतं ते थोडं पाहावं लागेल.

विषाणूचं सगळं बळ ई६ आणि ई७ या दोन प्रथिनांत असतं. ई६ पेशीतल्या पी५३ या राखणदार प्रथिनाची वासलात लावतं. ई७ जाऊन आरबी नावाच्या प्रथिनाला धरतं. पेशीने दुभंगायचं की थांबायचं, याची शेवटची किल्ली आरबीकडे असते; तेच निकामी झालं की पेशी दुभंगतच सुटते. आता पी१६. हे पेशीचं स्वतःचं प्रथिन, १९९३ मध्ये ओळखलं गेलेलं. पेशी बेताल वाढू नये म्हणून तिला आवरणं हे त्याचं काम, पण ते आवरतं आरबीच्याच मार्फत. आरबी शाबूत असतं तेव्हा ते पी१६ ला बेतात ठेवतं. आरबी गेलं की तो अंकुश जातो आणि पी१६ वाढतच राहतं. कासरा बैलाच्या वेसणीपाशी तुटलेला आहे आणि गाडीवान मागे बसून सगळा जोर लावून ओढतो आहे, तसं. गाडी थांबत नाही. पण त्या ओढण्यावरून आपल्याला कळतं की कासरा तुटला.

इथली गंमत नीट ध्यानात घ्यावी. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर पी१६ शोधतो तेव्हा तो विषाणूचं प्रथिन शोधत नसतो. तो शोधतो पेशीचा फसलेला प्रतिकार. विषाणू नुसता वस्तीला असेल तर पी१६ असं उसळत नाही. ई७ ने आरबीला हात घातला तरच उसळतं. म्हणून ते आगंतुकाचं नाव सांगत नाही, त्याचा गुन्हा सांगतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २००१ मध्ये गर्भाशयमुखाच्या बदलांत हे दाखवून दिलं आणि तिथून पी१६ जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं.

तरी एकट्या पी१६ वर विसंबता येत नाही. काही निरोगी पेशींतही ते थोडंफार दिसतं. दुसरं प्रथिन केआय-६७. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ मध्ये ते सापडलं. शहराचं नाव आणि प्रयोगातल्या ताटलीच्या ज्या खाचेतल्या पेशींनी ते दाखवलं तिचा क्रमांक, असं ते नाव पडलं. शास्त्रज्ञांना नावं ठेवायचा कंटाळा असतो की काय कोण जाणे. जी पेशी दुभंगण्याच्या फेऱ्यात आहे तिच्या केंद्रकात केआय-६७ असतं, थांबलेल्या पेशीत नसतं. तेही एकटं पुरेसं नाही, कारण निरोगी अस्तराच्या तळच्या थरात पेशी दुभंगतच असतात.

दोन्ही एकत्र आणले की मात्र काचपट्टी बोलायला लागते. पी१६ ला तपकिरी रंग, केआय-६७ ला लाल. पार्श्वभूमी फिकट निळी. पेशीमागून पेशी जातात, निळ्या, निर्विकार. मध्येच एखादी तपकिरी, तिचं केंद्रक निळंच: थांब म्हटलं आणि ती थांबली, ठीक. एखादीचं केंद्रक लाल, पण तपकिरी काही नाही: दुभंगते आहे, तेही ठीक, पेशी दुभंगतातच. आणि मग एक पेशी येते जी तपकिरी आहे आणि जिच्या पोटात लाल केंद्रक आहे. एकाच पेशीत थांबण्याचा हुकूम आणि धावण्याची खूण. निरोगी पेशीत हे दोन एकत्र नांदत नाहीत. अलंकारशास्त्रात याला विरोधाभास म्हणतील, पण तिथला विरोध वरवरचा असतो आणि अर्थ लावला की विरतो. इथला विरोध खरा आहे, आणि तो विरत नाही म्हणूनच धोक्याचा आहे.

वाचनाचा नियमही पाहण्यासारखा आहे. सबंध काचपट्टीवर अशी एक पेशी सापडली तरी तपासणी पॉझिटिव्ह धरतात. तिचा आकार कसा, केंद्रक वेडंवाकडं आहे का, याचा खल करायचा नाही. पॅप तपासणीत सगळा निवाडा वाचणाऱ्याच्या डोळ्यावर आणि अनुभवावर असतो, दोन तज्ज्ञांची मतं वेगळी पडतात. इथे प्रश्न सोपा करून टाकला आहे: दोन रंग एकाच पेशीत आहेत का. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह बायांमधून पुढे कोणाला पाठवायचं हे ठरवायला ही दुहेरी रंगाची तपासणी मान्य केली. म्हणजे नेमकी त्या दोन आकड्यांमधल्या बायांसाठी.

पेशी न घेता अस्तराचा तुकडाच काढला असेल तर पी१६ चं वाचन निराळं होतं. तिथे सुटी पेशी पाहायची नसते, सलग पट्टा पाहायचा असतो. अस्तराच्या तळापासून वरपर्यंत, निदान खालच्या एक तृतीयांश जाडीत, खंड न पडता तपकिरी रंग चढलेला हवा. इथे थोडा, तिथे थोडा असा ठिपक्याठिपक्यांचा रंग मोजत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी हे नियम पक्के केले, कारण सगळा घोळ मधल्या पायरीवर होता. अस्तरातल्या बदलांच्या सीआयएन १, २, ३ अशा तीन पायऱ्या लावायची पद्धत होती. एक म्हणजे बहुधा विषाणूचा पाहुणचार, तीन म्हणजे निश्चित उपचार. दोन म्हणजे काय? एकाने दोन म्हटलेली काचपट्टी दुसरा एक म्हणायचा, तिसरा तीन. आणि लक्ष ठेवून थांबलं तर दोन पायरीवरचे जवळपास निम्मे बदल दोन वर्षांत आपणहून मागे फिरतात. तरुण, अजून मुलं व्हायची असलेल्या बाईच्या बाबतीत ही संदिग्धता तिच्या अंगावर कापली जाते. पी१६ चा सलग पट्टा असेल तर उपचाराचा विचार, नसेल तर थांबू, एवढं तरी आता म्हणता येतं. तरी पट्टा असलेला प्रत्येक बदल कर्करोगाकडे जाईलच असं पी१६ सांगत नाही. वाचकाने तेवढी शंका मनात ठेवावी.

एल१ चं वाचन उलटं. हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन. विषाणू सुखाने नांदत असेल, नवे विषाणू तयार करून बाहेर सोडत असेल, तर अस्तराच्या वरच्या थरात एल१ दिसतं. बदल पुढच्या पायरीला गेले की ते दिसेनासं होतं, कारण तोवर बरेचदा विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत तुकडा होऊन अडकलेला असतो. त्याला आता कवच बनवता येत नाही, वंश वाढवता येत नाही. ई६ आणि ई७ मात्र बेफाम चालू राहतात. कर्करोग ही विषाणूच्याही दृष्टीने बंद गल्ली आहे, हे वाचून मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल किंचित कीव वाटली होती. तर पी१६ आहे आणि एल१ नाही, ही जोडी चिंतेची. जे दिसत नाही त्यावरून अर्थ लावणं हा वाचनाचा सगळ्यात कठीण प्रकार आणि इथे तो रोजच्या कामाचा भाग आहे.

आता फौजफाटा नसलेला तालुका: परभणी जिल्ह्यातलं मानवत. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापसाची जुनी बाजारपेठ, रेल्वेसाठी मानवत रोड गाठावं लागतं. उस्मानाबादच्या गावांचं जे आहे तेच इथलं. ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी, असं केंद्र सरकारचं २०१६ चं मार्गदर्शन आहे. उस्मानाबादने व्हीआयएच्या बाजूने कौल दिला नसला तरी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या प्रयोगात, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा तिला कमी लेखायचं कारण नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कधीतरी तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. देशात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखावर नवे रुग्ण आणि जवळपास ऐंशी हजार मृत्यू. हे आकडे शेजारी ठेवले की बाकी टिप्पणीची गरज उरत नाही.

मानवतला प्रथिनांची तपासणी कशी जमायची? दुहेरी रंगाला प्रतिपिंडं लागतात, ती महाग. काचपट्टी वाचणारं माणूस लागतं. अनुदानाशिवाय हे तालुक्याला झेपणार नाही आणि तालुक्याने करूही नये. तालुक्याने नमुना घ्यावा, वाचन मोठ्या शहरात व्हावं. या तपासणीचं खरं सामर्थ्य इथे लागू पडतं: द्रावणात ठेवलेल्या एकाच कुपीतून एचपीव्हीही पाहता येतो आणि पॉझिटिव्ह आला तर त्याच कुपीतून दुहेरी रंगही. बाईला पुन्हा बोलवावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरी किलोवर असते. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, परत या' असा निरोप आला तर ती येईल का, आणि आली तरी कशासाठी बोलावलंय ते तिला कोण समजावून सांगेल, हे ज्याने त्याने आपल्या गावावरून ठरवावं. हजारातल्या १०३ जणींना परत बोलवायचं की त्यांतल्या मोजक्याच जणींना, हा तिथे शास्त्राचा प्रश्न राहत नाही, बुडालेल्या मजुरीचा होतो.

ई६ थेट ओळखणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत, गर्भचाचणीच्या पट्टीसारखी रेघ उमटवणाऱ्या. एचपीव्ही १६, १८ अशा मोजक्याच प्रकारांच्या ई६ पुरत्या त्या मर्यादित असतात, बरेच बदल त्यांच्या हातून निसटतात. पण रेघ उमटली तर ती सहसा खोटी नसते. प्रयोगशाळा लांब असलेल्या ठिकाणी त्यांचा उपयोग आहे, डीएनए तपासणीच्या जागी नव्हे, तिच्या पाठोपाठ.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. आता बाईने स्वतःच, घरच्या घरी, ब्रशने नमुना घ्यावा यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. परक्यापुढे झोपायचा संकोच टळतो, तपासणीला बाया तयार होतात. विषाणूचा डीएनए त्या नमुन्यात छान मिळतो. दुहेरी रंगासाठी मात्र गर्भाशयमुखाच्याच पेशी धड अवस्थेत हव्यात, आणि स्वतः घेतलेल्या नमुन्यात त्या तशा मिळत नाहीत. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बाईला एकदा तरी दवाखान्यात यावंच लागतं. ते एकदा येणं मानवतच्या ग्रामीण रुग्णालयात, तिच्या ओळखीच्या नर्सताईंच्या हातून होणार की परभणीची गाडी धरून होणार, हे ठरवणं आरोग्य खात्याच्या हातात आहे. आणि ती येईपर्यंत तिच्या नमुन्यातला प्रश्न आहे तिथेच, १०.३ आणि ०.९ च्या मध्ये, पडून राहणार आहे.